सहा दात आणि एक दाढ

ॲशकोम वेल्स या गावच्या श्रीमती मॉरीन पॅजेट यांची खालची दाढ एका सकाळी टोस्ट खाताना तुटली. घटना तशी किरकोळच. इंग्लंडात रोज कितीतरी दाढा तुटतात आणि त्यांच्यावर कुणी गोष्ट लिहीत नाही. पण मॉरीनबाई त्या वेळी एका हाताने खात होत्या आणि दुसऱ्या हाताने एका ड्यूकचं चुंबन लिहीत होत्या. चुंबन अर्ध्यावर राहिलं.

मॉरीनबाई लेखिका होत्या. पुस्तकावर नाव मात्र ‘लेडी सेराफिना व्हेल’ असं छापलं जायचं, कारण पॅजेट आडनावाच्या बाईने लिहिलेला ड्यूक कुणी विकत घेत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा रीजन्सी काळ हे त्यांचं वतन. मेणबत्त्या, मलमलीचे झगे, घोडागाड्या आणि प्रत्येक पुस्तकात एक ड्यूक. तो उंच, खिन्न आणि पांढऱ्याशुभ्र दातांचा. बाईंनी आजवर इतक्या ड्यूकांची लग्नं लावली होती, की तेवढे ड्यूक इंग्लंडच्या सगळ्या इतिहासात मिळून झाले नसतील.

साठी जवळ आली तशी मात्र त्यांना टोचणी लागली. आपण खोटं लिहितो, असं वाटू लागलं. खऱ्या रीजन्सीला वास येत असणार, आणि तो आपल्या पुस्तकात कुठेच नाही. मग बाई त्या काळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत शिरल्या. कबरी उकरून मढी विकणारे, गोरं दिसावं म्हणून तोंडाला शिसं फासून हळूहळू मरणाऱ्या बायका, चिमणीत अडकून गुदमरलेली पोरं. असलं भयंकर वाचताना बाईंना इतका आनंद व्हायचा, की शेजारी ठेवलेला चहा गार व्हायचा. एखाद्या पोराचा जीव पान संपायच्या आत गेला, तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

त्यातच त्यांना दात सापडले. वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरण्या शिपायांचे दात लोकांनी पकडींनी उपटले, ते लंडनला आले, त्यांच्या कवळ्या झाल्या आणि साखर खाऊन बोळकी झालेल्या श्रीमंतांनी त्या तोंडात बसवल्या. बाईंनी ठरवलं, आपला नवा ड्यूक हीच कवळी घालणार. एवढ्यावर न थांबता त्यांनी लिलावात तसली एक कवळी विकत घेतली. पिवळटलेल्या हस्तिदंतात बसवलेले पुढचे सहा खरे दात. ती समोर ठेवून त्या चुंबन लिहीत होत्या, तेव्हा त्यांची स्वतःची दाढ गेली.

दुसऱ्या दिवशी दाढेत ठणका सुरू झाला. गावात सरकारी दंतचिकित्सेचा दवाखाना एकच. तिथल्या खिडकीतल्या मुलीने संगणकावरून नजर न काढता विचारलं, “आमच्याकडे नाव आहे तुमचं?”

“नाही. तेच घालायला आलेय.”

“नवीन पेशंट घेणं बंद आहे.”

“मग जुनी पेशंट कसं व्हायचं?”

“त्यासाठी आधी नवीन व्हावं लागतं,” मुलगी म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. “प्रतीक्षायादीत घालू का? म्हणजे, सध्या यादी भरलीय. पण यादीत जागा झाली की कळवायची एक यादी आहे.”

बाईंनी त्या यादीत नाव घातलं आणि तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एका समंजस आवाजाने विचारपूस केली.

“श्वास घेता येतोय?”

“हो.”

“गिळता येतंय?”

“येतंय, पण जीव जातो हो.”

“आणि बोलता येतंय, ते तर मी ऐकतेच आहे. मग ही तातडी नाही, बाई. बोलता येईनासं झालं की लगेच फोन करा.”

उरला खासगी दंतवैद्य. त्याच्याकडे पांढऱ्या कोचावर बसवून काकडीचं पाणी दिलं गेलं. त्याने बाईंच्या पुढच्या दातांसमोर रंगछटांची पट्टी धरली आणि हळहळला. बाईंनी गाल धरून मागे बोट दाखवलं. तेव्हा तो जरा ओशाळून म्हणाला, “मॅडम, दुखणं आम्ही करत नाही. आम्ही हसू करतो.”

बाई लवंगेचं तेल घेऊन घरी आल्या. तेवढ्यात लंडनहून संपादिकेचा फोन आला. इमोजेन वयाने त्यांच्या मुलीसारखी, पण बाईंना लेडी सेराफिना अशीच हाक मारायची आणि हुकूमही त्याच थाटात सोडायची.

“सेराफिना, प्रकरण वाचलं. अंगावर काटा आला. फारच छान. फक्त एक. ड्यूकला कवळी नको.”

“अगं, पण सगळं पुस्तकच कवळीवर आहे.”

“अंधार हवाच आहे आम्हाला. अंधार सध्या जोरात चालतोय. पण मेणबत्तीच्या उजेडातला. त्याचं मन काळं असू दे, भूतकाळ काळा असू दे, घोडा तर काळा आहेच. दात तेवढे त्याचे स्वतःचे ठेवा. आणि तुम्ही अशा तोंडात बोळा कोंबल्यासारख्या का बोलताय?”

“दाढ दुखतेय.”

“बघा! किती भिनलाय विषय तुमच्यात,” इमोजेन म्हणाली आणि फोन ठेवला.

बाई हट्टाला पेटल्या. कवळी अस्सल आहे असं तज्ज्ञाने लिहून दिलं, तर इमोजेनला गप्प बसावं लागेल. म्हणून कवळी डब्यात घालून त्या गावच्या वस्तुसंग्रहालयात गेल्या. तिथला प्रमुख ऑलिव्हर फेन हा हळू बोलणारा, हळू चालणारा माणूस. त्याने डबा उघडला, पुन्हा मिटला, हातमोजे घातले आणि मग पुन्हा उघडला.

“मिसेस पॅजेट, तुम्ही हे डब्यात घालून आणलंत?”

“बिस्किटांचा आहे, पण धुतलाय.”

“ही वस्तू नाही, मिसेस पॅजेट. ही माणसं आहेत.” त्याने डबा दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवला. “यांना डब्यात ठेवता येणार नाही. यांच्याशी नीट वागण्याची एक पद्धत आहे.”

पद्धत त्याच दुपारी सुरू झाली. सन्मान समिती बसली. कवळीसाठी स्वतंत्र खोली मिळाली. तिथले दिवे मंद केले गेले आणि ‘कृपया हळू बोला’ अशी पाटी लागली. झीज बघून असं ठरलं, की सहा दात चार वेगवेगळ्या माणसांचे असावेत. त्यामुळे चार संपर्क अधिकारी नेमले गेले. बाईंच्या दाढेसाठी फोन लावला की अजून संगीतच ऐकू येत होतं.

तोवर त्यांचा गाल वांग्यासारखा सुजला होता. ‘अवशेषांना गावाची मानवंदना’ असा छोटेखानी समारंभ झाला, त्यात त्यांना देणगीदार म्हणून पुढे बसवलं. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. नेमका त्याच वेळी दाढेत असा सणका आला, की बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. महापौरांनी गळ्यातली पदाची साखळी सावरत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आवरा स्वतःला. ती पोरं आता सुखात आहेत.”

“मी नाही सुखात,” बाई दात आवळून म्हणाल्या.

“अशा वेळी कोण असेल हो?” महापौर म्हणाले आणि त्यांचेही डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. खाली ओळ होती: ‘शिपायांच्या आठवणीने लेखिकेचा चेहरा शोकाने सुजला.’

मग लंडनहून प्रोफेसर हॅलम आले. ते प्राचीन दातांचे देशातले मोठे जाणकार. बरोबर क्ष-किरणांचं फिरतं यंत्र आणि दोन सहायक. सहाही दातांचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले. कुणी घाई केली नाही, कुणी ‘पुढचा’ असं ओरडलं नाही. बाई कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होत्या. काम संपलं तेव्हा त्यांनी धीर केला.

“प्रोफेसर, यंत्र चालूच आहे, तर एक नजर माझ्या दाढेवरही टाकाल?”

प्रोफेसर माणूस सभ्य. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “किती जुनी आहे?”

“माझ्याएवढीच. साठीला आली.”

“अरेरे,” त्यांना मनापासून वाईट वाटलं. “आमचं अनुदान एकोणिसाव्या शतकापर्यंतच आहे.”

तेवढ्यात सहायक पडद्याकडे बघून म्हणाला, “सर, डावीकडून तिसऱ्याला कीड आहे.” प्रोफेसर वाकले. त्यांनी कीड सगळ्या बाजूंनी पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की ही अशीच सोडता येणार नाही, उद्याच साफ करून सिमेंट भरावं लागेल.

“अहो, तो माणूस दोनशे वर्षांपूर्वी मेलाय!” बाई ओरडल्या.

ऑलिव्हरने पाटीकडे बोट दाखवलं. मग हळू आवाजात म्हणाला, “म्हणूनच, मिसेस पॅजेट. त्याला स्वतःला तक्रार करता येत नाही. आपली जबाबदारी वाढते.”

दुसऱ्या दिवशी त्या मेलेल्या शिपायाचा दात भरला गेला. दोन तास लागले. सहायक मधूनमधून फुंकर मारल्यासारखी हवा सोडत होता. इतक्या मायेने कुणाचं काही करताना बाईंनी क्वचितच पाहिलं होतं. आणि त्यांना एका मेलेल्या माणसाचा मत्सर वाटला. ड्यूकांची इतकी प्रेमं लिहूनही मत्सर म्हणजे नेमकं काय हे त्यांना तोवर कळलं नव्हतं. तो दाढेच्या मुळाशीच असतो.

तिथेच त्यांना युक्ती सुचली. “ऑलिव्हर, मी माझी दाढ संग्रहालयाला दान केली तर?”

ऑलिव्हरने विचार केला. “दान घेता येईल. घेतली की तपासणीही करावी लागेल, नियमच आहे. फक्त वस्तू देणाऱ्यापासून सुटी हवी.”

म्हणजे दाढ आधी काढायला हवी होती, आणि ती काढणारा कुणी मिळाला असता तर दान करायची गरजच नव्हती. बाई हे ऑलिव्हरला समजावून सांगणार होत्या, पण एव्हाना त्यांचं तोंड एका बोटापलीकडे उघडत नव्हतं.

त्याच आठवड्यात ॲशकोम वेल्सचा रीजन्सी महोत्सव सुरू झाला. अख्खं गाव झगे आणि शेपटीचे कोट घालून बागेत लोटलं. बागेच्या मध्यावर लाकडी मंच होता. त्यावर लाल कोट घातलेला एक माणूस गळ्यात दातांची माळ घालून ओरडत होता, “या हो या! दात काढतो, दुःख काढतो! राणीचे काढले, कोतवालाचे काढले!” शेजारी एकजण ढोल बडवत होता. हा गेराल्ड क्विल्टर. बाई त्याला महोत्सवामुळे ओळखत. मंचाखाली उतरून तो पाणी प्यायला लागला, तेव्हा बाजूचा कुणीतरी त्याला “डॉक्टर” म्हणाला. बाईंनी त्याची बाहीच धरली.

“गेराल्ड, तू डॉक्टर आहेस?”

“दातांचा होतो. सरकारी दवाखान्यात. सोडलं मी ते.”

“का?”

“एका दातामागे इतके कागद भरायचो, की तेवढ्यात शेजारचे चार किडायचे. इथे नुसतं ओरडायचं असतं.” मग त्याचं लक्ष गालाकडे गेलं आणि त्याचा सूर बदलला. “बाई, आ करा बघू. अरे देवा. किती दिवस झाले?”

“काढ रे. तुझ्या पाया पडते.”

गेराल्ड बागेतल्या गर्दीकडे बघत राहिला. “डॉक्टर म्हणून मी तुम्हाला हात लावू शकत नाही. माझा परवाना संपलाय. पण दातकाढ्या म्हणून नगरपरिषदेची परवानगी आहे. विम्यातही लिहिलंय: ‘दात काढणे, लटके अथवा अन्य’. लिहिणाऱ्याला जोखीम नको होती, म्हणून त्याने ‘अन्य’ घातलंय. अवजारं माझ्याकडे आहेत, उकळून आणतो. काढायची तर मंचावर काढावी लागेल. आणि भूल देता येणार नाही.”

“का नाही?”

“अस्सलता समिती. मंचावर त्या काळात नसलेली वस्तू दिसली तर थेट हकालपट्टी. गेल्या वर्षी एका आजोबांना चष्म्याच्या काड्या प्लॅस्टिकच्या आहेत म्हणून मिरवणुकीतून काढलं. बिचारे चाचपडत घरी गेले.”

“मूर्ख आहेत का ते समितीवाले? अध्यक्ष कोण आहे?”

“तुम्ही,” गेराल्ड म्हणाला.

ठणक्यात बाई ते साफ विसरल्या होत्या. मग म्हणाल्या, “मी परवानगी देते.”

“सभा बोलवावी लागेल. तुमचाच नियम. आणि चिटणीस स्पेनला गेलेत, ऊन खायला.” त्याने कोटातून चपटी बाटली काढली. “ब्रँडी मात्र तेव्हाही होती.”

बाई मंचावर चढल्या तेव्हा गर्दीने टाळ्या वाजवल्या. लेडी सेराफिना स्वतः! गेराल्डने त्यांना खुर्चीत बसवलं, डोकं काखेत धरलं आणि कानाशी पुटपुटला, “माफ करा हं बाई, मी खरंच चांगला डॉक्टर होतो.” मग त्याने ढोलवाल्याला खूण केली. ढोल वाजू लागला. हा ढोल त्या काळी किंकाळी झाकण्यासाठी असे, हे बाईंनीच महोत्सवाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. पण किंकाळी ढोलाला भारी पडली. आईस्क्रीम हातात धरून एक बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, काय अभिनय करते! अंगावर शहारे आले बघा.” दुसरं कुणीतरी ओरडलं, “मुळासकट!” आणि हशा पिकला. बाईंच्या हनुवटीवरून रक्त झग्यावर उतरलं, तेव्हा लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत महोत्सवासाठी लंडनहून आलेली इमोजेन होती. ती हुंदके देत होती आणि फोनवर चित्रण करत होती.

गेराल्डने दाढ उंच धरली. हातमोजे घातलेला ऑलिव्हर पुढे झाला आणि त्याने ती मखमलीच्या पेटीत घेतली. दाढ अस्सल रीजन्सी पद्धतीने, समितीच्या नियमांनुसार, भूल न देता काढली असल्यामुळे संग्रहालयाने तिच्यावर अठराशे सोळा सालची म्हणून चिठ्ठी लावली. त्यामुळे ती अनुदानात बसली. प्रोफेसर हॅलम गावात होतेच. संध्याकाळच्या आत दाढेचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले आणि बाईंना मंद दिव्यांच्या खोलीत बोलावलं गेलं.

“उत्तम दाढ आहे,” प्रोफेसर कौतुकाने म्हणाले. “मुळं तर फार सुंदर. वेळेवर कुणी पाहिली असती, तर सहज वाचली असती.”

बाईंना बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडात कापूस होता.

त्या घरी गेल्या, ड्यूकला फाडून टोपलीत टाकलं आणि घडलं ते जसंच्या तसं लिहून काढलं. खिडकीतली मुलगी, काकडीचं पाणी, शिपायाच्या दाताला मारलेली फुंकर, मंचावरची किंकाळी. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या खऱ्या नावाने लिहिलं. लिहिताना दोनदा रडल्या. त्यात त्यांनी एकही विनोद केला नव्हता. प्रकाशकांनी पुस्तक विनोदी विभागात काढलं आणि ते ड्यूकांपेक्षा जास्त खपलं.

गावच्या वाचनालयात बाईंनी त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. खिडकीतल्या मुलीपाशीच लोक हसू लागले. किंकाळीपाशी तर एका गृहस्थाला ठसका लागला. वाचन संपल्यावर माणसं रांगेत उभी राहून सांगत होती, हसून हसून पोट दुखलं हो! दुखलं हा शब्द ऐकून बाईंना गंमत वाटली नाही, पण सही करताना हात थांबलाही नाही.

शेवटच्या रांगेत मात्र एक माणूस सबंध वेळ हसला नव्हता. तो गाल हातात धरून तसाच बसून होता. शेजारची बाई मैत्रिणीला म्हणाली, “विनोदबुद्धी नसेल तर माणसं येतात कशाला अशा कार्यक्रमाला?” मॉरीनबाईंनी त्याला पाहिलं. उठून त्याच्याकडे जावं, गेराल्डचं नाव सांगावं, असं त्यांच्या मनात येऊनही गेलं. पण त्याआधी त्यांची नजर त्या गालावर स्थिरावली. सूज कानापर्यंत कशी चढलीय, कातडी कशी ताणून चमकतेय, कडेला रंग कसा पिकल्या प्लमसारखा झालाय, हे त्या मनात टिपून घेऊ लागल्या. पुढच्या पुस्तकाला उपयोगी पडलं असतं. टिपून होईपर्यंत तो माणूस निघून गेला.

त्याचं नाव कुणी विचारलं नाही. पुढे त्याचं काय झालं, तेही ठाऊक नाही. आणि वाचकहो, आत्ता तुम्हीही ते विचारणार नाही आहात. गाल कुठला सुजला होता, एवढंच तुम्हाला जाणून घ्यायचंय.

डावा.